लोकांच्या मालकीचं किराणा दुकान : पैसे जमले, दुकान उघडलं, मग बंद का पडलं?

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरो नावाचं शहर आहे. त्याच्या ईशान्य भागातलं 'विन-डिक्सी' या साखळीचं सुपरमार्केट १९९८ मध्ये बंद झालं. वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची, उत्पन्न बेताचं. दुसरी कोणतीही साखळी कंपनी तिथे यायला तयार होईना. वर्षानुवर्षं ताजी भाजी, फळं आणि मांस आणायला लोकांना दुसऱ्या भागात जावं लागत होतं. शेवटी रहिवाशांनी ठरवलं, कोणी येत नसेल तर दुकान आपणच काढू. २०१६ च्या अखेरीस 'रेनेसान्स कम्युनिटी को-ऑप' हे सभासदांच्या मालकीचं किराणा दुकान सुरू झालं. जानेवारी २०१९ मध्ये ते बंद पडलं.

या दुकानासाठी २० लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली होती, म्हणजे पैसे जमवण्यात लोक कमी पडले असं म्हणता येत नाही. प्रश्न वेगळा आहे : तो पैसा कुठला होता आणि कशासाठी होता?

पैसा कुठून येतो?

अशा दुकानाचा पाया म्हणजे सभासदांचे भाग, अर्थात शेअर. महाराष्ट्रात पतपेढीचा किंवा दूध संस्थेचा भाग घेतलेल्यांना ही पद्धत माहीतच आहे. ग्रीन्सबरोत एक भाग १०० डॉलरचा होता. डेट्रॉइटमध्ये दहा वर्षांहून जास्त तयारीनंतर २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'डेट्रॉइट पीपल्स फूड को-ऑप'मध्ये तो २०० डॉलरचा आहे. या भागांची किंमत शेअर बाजारासारखी वाढत नाही. कोणी कितीही पैसे घातले, तरी मत एकच. ब्रिटनमधल्या खेड्यांतली बरीच दुकानं याच धर्तीच्या 'कम्युनिटी शेअर्स'वर उभी आहेत. तिथे एका व्यक्तीला साधारण एक लाख पौंडांपर्यंतचे भाग घेता येतात, पण मत तरीही एकच. दुकान बुडालं, तर बँक ठेवींना मिळतं तसं सरकारी भरपाईचं संरक्षण या पैशाला नसतं. भाग घेताना हे नीट वाचावं, कारण उत्साहाच्या भरात ते मागे पडतं.

दुसरा मार्ग म्हणजे सभासदांकडूनच काही वर्षांसाठी कमी व्याजाने घेतलेलं कर्ज. तिसरा, बँक किंवा सहकारी संस्थांना पैसे देणारे खास निधी. इथे अडचण तारणाची असते. जुने फ्रीझर आणि फळ्यांवरचा माल लिलावात काढला तर हाती फारसं काही लागत नाही. म्हणून कर्ज देणारा आधी विचारतो, लोकांनी स्वतःचे किती घातलेत? चौथा मार्ग अनुदानाचा. ते परत करावं लागत नाही, पण बहुतेक वेळा ते इमारत, यंत्रसामग्री अशा ठरावीक कामासाठीच मिळतं.

गणित कुठे बिघडतं?

ग्रीन्सबरोच्या दुकानाचे हजाराहून जास्त सभासद होते. प्रत्येकी १०० डॉलर धरले, तर होतात लाखभर डॉलर. एकूण रकमेपुढे हा छोटासा वाटा आहे. बाकीचा पैसा मुख्यतः कर्ज आणि अनुदानाचा. गरीब वस्तीत भाग स्वस्त ठेवणं बरोबरच होतं, नाहीतर दुकानाचे मालक फक्त खाऊनपिऊन सुखी लोकच झाले असते. पण मग कर्जाचे हप्ते आणि खर्च विक्रीतूनच निघायला हवेत.

आणि किराण्यात विक्रीतून उरतं किती? अमेरिकेत शंभर डॉलरच्या विक्रीमागे सगळा खर्च जाता निव्वळ नफा साधारण एक ते तीन डॉलर. विक्री अंदाजापेक्षा थोडी जरी कमी झाली तरी भाडं, पगार आणि शीतगृहाचं वीजबिल कमी होत नाही. न खपलेली भाजी सडते. ती सडू नये म्हणून माल कमी मागवला, तर फळ्या रिकाम्या दिसतात आणि उरलेलं गिऱ्हाईकही मोठ्या साखळी दुकानाकडे वळतं. ग्रीन्सबरोत विक्री अपेक्षेइतकी झालीच नाही. एकदा भाग घेणं आणि दर आठवड्याची पिशवी तिथेच भरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणूनच निधी मागताना पहिल्या दोन-तीन वर्षांचा तोटा आणि खेळतं भांडवल त्यात धरायला हवं. हे बोलायला सोपं आहे. 'फ्रीझरसाठी पैसे द्या' म्हटलं की लोक खिशात हात घालतात. 'सुरुवातीचा तोटा भरायला द्या' असं आवाहन करायला कोणतंही संचालक मंडळ कचरतं.

या चळवळीची मुळं ज्या दुकानात शोधली जातात, ते इंग्लंडमधल्या रॉचडेलचं. तिथल्या मंडळींनी आठवड्याला काही पेन्स टाकत २८ पौंड जमवले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनवर दुकान उघडलं. जागा विकत घेतली नाही, तळमजला भाड्याने घेतला, वर्षाला दहा पौंड. निम्म्याहून जास्त पैसे मालासाठी राखले. माल तरी काय, तर पीठ, ओटचं पीठ, लोणी, साखर आणि मेणबत्त्या. उधारी बंद. जो जितकी खरेदी करेल त्या प्रमाणात नफ्याचा वाटा त्याला, म्हणजे नुसता भाग घेऊन घरी बसणाऱ्यापेक्षा रोजच्या गिऱ्हाइकाचा फायदा जास्त.

मुंबईत १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच टाळलं. शेजारपाजारच्या कुटुंबांचा गट करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, घाऊक खरेदी व्हायची आणि वाटप गटातल्याच कोणाच्या तरी घरी. मागणी आधीच ठरलेली असल्यामुळे न खपणाऱ्या मालात पैसा अडकून पडत नाही आणि दर्शनी जागेचं भाडंही लागत नाही. धान्य, डाळी, साबण यांसाठी ही पद्धत उत्तम. रोजची भाजी, दूध, मांस-मासे मात्र महिन्याच्या यादीत बसत नाहीत. त्यासाठी फ्रीझर, वीजबिल आणि पगारी माणसं असलेलं दुकानच लागतं, आणि ग्रीन्सबरोच्या लोकांना नेमकं तेच हवं होतं.