गोल जिन्याचा कठडा: प्लॅनमध्ये बसतो, पाइपात अडतो

बदलापुरातल्या एखाद्या रो-हाउसच्या गच्चीवर लोखंडी गोल जिना न्यायचा असला, की ड्रॉइंग कुणाच्या तरी लॅपटॉपवर तयार होतं, वेल्डिंगचं काम उल्हासनगरच्या फॅब्रिकेटरकडे जातं आणि पाइपाला गोलाई द्यायला मोठं रोलिंग मशीन लागलं, तर अंबरनाथच्या एमआयडीसीत चौकशी होते. सगळा कारभार कल्याण-कर्जत मार्गावरच्या तीन स्टेशनांत उरकतो. जिन्याचा मधला खांब सरळ, पायऱ्या एकसारख्या. त्यांत फारसं काही बिघडत नाही. बिघडतो तो कठडा. स्क्रीनवर डौलात वर चढणारी हँडरेल साइटवर आली की पायऱ्यांच्या आत तरी शिरते, लँडिंगच्या वर तरी जाते, नाहीतर वीस फुटी पाइप चार बोटं कमी पडतो.

दोष वेल्डरच्या माथी मारला जातो. पण बऱ्याचदा तो ड्रॉइंगमध्ये असतो, आणि त्याहून जास्त ड्रॉइंग काढणाऱ्याच्या समजुतीत.

या पट्ट्यात गोल जिना का लागतो, हे उल्हासनगरच्या जन्मकथेवरून कळतं. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची सोय झाली, १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि बराकींतल्या खोल्यांवर पुढे मजले चढले, दुकानांत माळे निघाले. जागा मात्र तेवढीच राहिली. तीन मीटर उंची गाठायला २५० मिमी रुंद पायऱ्यांचा सरळ जिना जमिनीवर साडेतीन मीटर लांबी खातो. गोल जिना दीड मीटरच्या वर्तुळात काम भागवतो. म्हणून तो कुठेही चालतो असं मात्र नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत आगीच्या वेळी बाहेर पडायच्या गोल जिन्याला किमान १,५०० मिमी व्यासाची अट आहे, आणि असा जिना कमी वर्दळीच्या, एरवी ९ मीटरपर्यंतच्याच इमारतीत धरला आहे. घराच्या माळ्याला तो शोभतो, सोसायटीच्या मुख्य जिन्याला नाही.

हिशेबासाठी एक जिना घेऊ. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत ३,००० मिमी. एक चढ २०० मिमीचा, म्हणजे १५ चढ. प्लॅनमध्ये प्रत्येक पायरी ३० अंशांची. १२ पायऱ्यांत एक पूर्ण फेरा आणि त्या फेऱ्यात २,४०० मिमी उंची. हँडरेलची मध्यरेषा खांबाच्या केंद्रापासून ७५० मिमीवर. पाइप दीड इंची.

इथेच पहिली ठेच लागते. बाजारात दीड इंच दोन असतात. रेलिंगसाठी मिळणारी स्टेनलेस स्टीलची नळी बाहेरून मोजतात, ती ३८.१ मिमी भरते. पाण्याच्या किंवा बांधकामाच्या लोखंडी पाइपात मात्र दीड इंच हे नावापुरतं आतलं माप असतं, आणि बाहेरचा व्यास निघतो ४८.३ मिमी. ड्रॉइंगवर नुसतं 'दीड इंची पाइप' लिहिलं तर १० मिमीचा निर्णय दुकानदारावर सोडला, असाच त्याचा अर्थ. बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहिणं हा त्यावरचा साधा उपाय. या लेखात ३८ मिमी धरू.

सॉफ्टवेअर कुठलंही असो, हेलिक्स, म्हणजे खांबाभोवती फिरत चढणारी रेषा, काढताना ते त्रिज्या, उंची आणि फेरे विचारतं. उंचीच्या रकान्यात भले भले ३,००० टाकतात, कारण मजला तेवढा उंच आहे. पण १५ चढांच्या जिन्याला पायऱ्या १४ च असतात. पंधरावी पायरी म्हणजे वरची फरशीच. पहिल्या पायरीची कड जमिनीपासून २०० मिमीवर, शेवटची ३,००० वर. कठडा या दोन कडांच्या दरम्यान धावतो, म्हणजे तो ४२० अंश फिरतो आणि २,८०० मिमी चढतो. रकान्यात ३,००० टाकले की दर पायरीला १४ मिमी, म्हणजे साडेचार सूत, जास्तीचा चढ मिळतो. खालच्या दोन-चार पायऱ्यांवर हे डोळ्यांना जाणवत नाही. वर पोचल्यावर कठडा लँडिंगच्या रेलिंगपेक्षा २०० मिमी उंच निघतो आणि मग ग्राइंडर बाहेर येतो.

पाइप किती लागेल, याचा अंदाज बहुतेक जण प्लॅनवरून काढतात. ७५० मिमी त्रिज्येवर ४२० अंशांचा कंस मोजला की ५,४९८ मिमी येतात. पाइप वीस फुटी, म्हणजे ६,०९६ मिमी. आरामात बसतो असं वाटतं. पण प्लॅनमध्ये चढ दिसत नाही. खरी लांबी हवी तर एक कागद घ्यावा आणि त्याचा ५५ सेंमी पाया व २८ सेंमी उंची असलेला काटकोन त्रिकोण कापावा. पंधरा सेंमी व्यासाच्या डब्याभोवती तो पायाची कड सपाट ठेवून गुंडाळावा. कागदाची तिरपी कड डब्याभोवती जशी चढते, तसाच आपला कठडा चढतो. हे त्याचं एकास दहा प्रमाणातलं मॉडेल झालं. तिरपी कड म्हणजे त्रिकोणाचा कर्ण, आणि पायथागोरसच्या हिशेबाने तो खऱ्या मापात ६,१७० मिमी येतो. वीस फुटी पाइप ७४ मिमी कमी पडला. शिवाय रोलिंग मशीन पाइपाची दोन्ही टोकं थोडी सरळच सोडतं, ती कापावी लागतात. म्हणजे जोड अटळ आहे. तो एखाद्या उभ्या पाइपाच्या डोक्यावर, चटकन नजर जाणार नाही असा घ्यायचा, हे आधीच ड्रॉइंगमध्ये ठरवता येतं. साइटवर ठरला तर तो नेमका हात फिरतो तिथे येतो.

लांबी चुकली तर एक तुकडा जोडून भागतं. गोलाई चुकली तर अख्खा पाइप भंगारात जातो. म्हणून सगळ्यात महागडा गैरसमज हा: कठडा ७५० मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर आहे, तर पाइपही ७५० च्या त्रिज्येने वाकवायचा.

वरून पाहिलं तर कठडा ७५० च्या वर्तुळावर असतो, यात वाद नाही. पण पाइप वर्तुळात पडून राहत नाही, २७ अंशांनी चढत जातो. चढणारी रेषा जागच्या जागी फिरणाऱ्या रेषेपेक्षा कमी वळते. प्लॅनमधल्या त्रिज्येला चढाच्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने भागलं की पाइपाची खरी त्रिज्या मिळते, आणि आपल्या जिन्यात ती ९४५ मिमी येते. साडेसातशे आणि नऊशे पंचेचाळीस! मशीनवर ७५० लावून पाइप काढला आणि मग तो २७ अंशांच्या चढाला ओढला, तर वरून दिसणारी त्रिज्या आकसून साधारण ५९५ वर येते. कठडा पायऱ्यांच्या बाहेरच्या कडेपासून १५ सेंमी आत. अनुभवी रोलिंगवाले हे गणित न मांडताही जाणतात. ते पाइप थोडा उघडा वाकवतात, बाजूला ओढ देत चढ काढतात आणि फर्मा लावून तपासत जातात. पण फर्माच ७५० चा कापून दिला, तर त्यांच्या अनुभवाचा उपयोग काय? स्प्रिंगबॅक, म्हणजे वाकवल्यावर पाइप किंचित मागे उघडतो, ती भानगड वेगळीच, आणि ती मशीनवरच सांभाळावी लागते.

आता मॉडेलकडे. हेलिक्स काढला, त्याच्या टोकाशी ३८ मिमीचं वर्तुळ काढलं आणि ते रेषेवरून फिरवलं की पाइप तयार, अशी समजूत असते. वर्तुळ कोणत्या प्रतलावर काढलं, हे विसरलं जातं. ते खांबातून जाणाऱ्या उभ्या प्रतलावर काढलं आणि तसंच फिरवलं, तर पाइपाचा खरा आडवा छेद वर्तुळ राहत नाही. एका बाजूने ३८ मिमी, दुसऱ्या बाजूने ३४. सव्वा सूत दबलेला पाइप स्क्रीनवर कुणाला दिसतो? पण त्यावर मापून काढलेले ब्रॅकेट आणि टोप्या खऱ्या पाइपावर बसत नाहीत. ऑटोकॅडची स्वीप कमांड छेद स्वतःहून रेषेला काटकोनात वळवून घेते; स्केचअपचं फॉलो मी तसं करत नाही, तिथे वर्तुळ काटकोनात ठेवणं आपलं काम. सॉलिडवर्क्समध्ये गोल छेदाचा पर्याय निवडला तर वर्तुळ काढायचीच गरज राहत नाही.

गोल पाइप एक लबाडी मात्र झाकून ठेवतो. तो स्वतःभोवती कितीही फिरला तरी बाहेरून तसाच दिसतो. म्हणूनच पाइपाच्या कठड्यात हात बसलेला माणूस पहिल्यांदा लाकडी किंवा चौकोनी हँडरेल काढायला घेतो, तेव्हा हतबुद्ध होतो: खाली सपाट असलेली हँडरेल वर जाता जाता कलंडते आणि फेरा संपेपर्यंत जवळजवळ पालथी पडते. सॉफ्टवेअर बिघडलं असं त्याला वाटतं. सॉफ्टवेअर सांगितलेलं काम चोख करत असतं. छेद रेषेवरून नेताना तो कमीत कमी पिळला जावा, असा एक पर्याय बऱ्याच प्रोग्रॅममध्ये असतो, आणि ऐकायला तो अगदी शहाणपणाचा वाटतो. पण हेलिक्सच्या अंगातच पीळ आहे. त्या पिळाशी छेद फिरला नाही, तर तो जिन्याच्या मानाने मागे पडत जातो: एका फेऱ्यात ३६० अंश गुणिले चढाच्या कोनाची साइन. आपल्या २७ अंशांच्या जिन्यात हे १६३ अंश होतात. पूर्ण पालथी पडायला १७ च अंश कमी.

हातात धरायच्या कठड्याला नेमकं उलटं हवं असतं. त्याच्या माथ्यावर खांबाच्या दिशेने पातळी-नळी ठेवली तर बुडबुडा कायम मध्ये राहायला हवा. फ्रीकॅडमध्ये त्यासाठी फ्रेने हा पर्याय आहे. बाकीकडे दुसरा हेलिक्स काढून तो मार्गदर्शक म्हणून द्यायचा: तेवढीच उंची, तेवढेच फेरे, फक्त त्रिज्या थोडी कमी. छेदाची एक बाजू त्या दुसऱ्या रेषेकडे तोंड करून राहते आणि कलंडणं थांबतं.

हे कोडं संगणकाने आणलेलं नाही. लाकडी कठड्यांचे पिळदार तुकडे कागदावरच्या भूमितीने कसे कापायचे, यावर ब्रिटनमध्ये पीटर निकल्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुस्तकं लिहिली आणि सुतारांच्या पिढ्या त्यांवर शिकल्या. तेव्हा महागडं सॉफ्टवेअर घेतलं की कठडा आपोआप बरोबर येतो, या समजुतीलाही फारसा आधार नाही. फ्रीकॅड फुकट मिळतं आणि त्यातला हेलिक्स लाखाच्या लायसन्समधल्या हेलिक्सइतकाच नेटका असतो. आयटीआयच्या ड्राफ्ट्समनला हा चढाचा त्रिकोण मांडता आला, तर कुठलाही प्रोग्रॅम चालतो.

स्क्रीनवरच्या गुळगुळीतपणावर मात्र विसंबू नये. स्केचअपमधलं वर्तुळ मुळात २४ सरळ रेषांचा बहुभुज असतो. आकडा बदलला नाही तर ७५० मिमी त्रिज्येवर प्रत्येक तुकड्याचा मध्य खऱ्या वर्तुळापासून ६.४ मिमी आत येतो. दोन सूत! त्यावरून लेझर कटिंगची फाइल काढली, तर पट्टी गोल न कापता कोनाकोनाने कापली जाते. ऑटोकॅडमध्ये याच्या उलट: वर्तुळ कधी कधी स्क्रीनवर तुटक दिसतं, पण आतलं गणित अचूक असतं. तिथला हेलिक्स मात्र स्प्लाइनने केलेला अंदाज असतो. अंदाज इतका बारीक की फॅब्रिकेशनला फरक पडत नाही, हेही खरं.

राहिली दिशा. 'मॉडेल झालं की मिरर मारू' किंवा 'उलटा वळला तर पाइप खालचा वर करून बसवू', ही दोन्ही वाक्यं या धंद्यात ऐकू येतात. मिरर स्क्रीनवर चालतो. तयार पाइप मात्र खालचा वर केला, आडवा केला, कसाही फिरवला, तरी त्याचं वळण बदलत नाही. उलट्या आट्यांचा बोल्ट फिरवून धरला म्हणून सुलट होत नाही. त्यात घोळ असा, की चढताना उजवीकडे वळणारा जिना आट्यांच्या भाषेत डावा ठरतो, कारण नेहमीच्या उजव्या आट्यांची रेषा चढताना डावीकडे वळते. युरोपातल्या किल्ल्यांचे जिने उजव्या हाताने तलवार चालवणाऱ्या रक्षकांच्या सोयीसाठी घड्याळाच्या दिशेने वळवले, ही गोष्ट गोल जिन्यांबद्दल आवडीने सांगितली जाते. उलट्या वळणाचे जिनेही तिथल्या किल्ल्यांत आहेत, आणि ही कथा १९०२ च्या सुमारास थिओडोर कुक यांच्या लिखाणातून पसरली, असं अभ्यासक म्हणतात.

घड्याळाची दिशाही फसवीच. वरून पाहताना जिना घड्याळाच्या दिशेने चढतो, तोच खालून वर पाहताना उलटा फिरताना दिसतो. ड्रॉइंग काढणारा वरून पाहतो, वेल्डर खाली उभा असतो. म्हणून ड्रॉइंगवर 'क्लॉकवाइज' लिहिण्याऐवजी 'चढताना खांब उजव्या हाताला, हँडरेल डाव्या हाताला' असं लिहावं. रोलिंगला पाइप देण्याआधी पहिल्या पायरीवर उभं राहून ते तपासताही येतं.