अंदाज कशाचा, कशावरून?

उंच आईवडिलांची मुले उंच असतात, असे आपण नेहमी म्हणतो. पण किती उंच? इंग्लंडमधील फ्रान्सिस गॉल्टन यांनी या प्रश्नाचे उत्तर मोजमापांतून शोधले. २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ मुले-मुली यांच्या उंचीचा अभ्यास त्यांनी १८८६ साली प्रसिद्ध केला. स्त्रियांची उंची १.०८ ने गुणून त्यांनी ती पुरुषांच्या उंचीशी तुलना करण्याजोगी केली आणि प्रत्येक जोडप्याची सरासरी उंची काढली.

आईवडील सर्वसाधारण सरासरीपेक्षा ३ इंच उंच असतील, तर त्यांची मुले सरासरीपेक्षा सुमारे २ इंचच उंच भरतात, असे त्यांना आढळले. म्हणजे गुणोत्तर २/३. सरासरीकडे परतण्याच्या या प्रवृत्तीला त्यांनी ‘रिग्रेशन’ म्हटले. मराठीत आपण समाश्रयण म्हणतो. येथे मुलांच्या उंचीचा अंदाज करायचा आहे, म्हणून ते प्रतिसाद चल. तो आईवडिलांच्या उंचीवरून करायचा आहे, म्हणून ते स्पष्टीकारक चल.

आता प्रश्न उलटा करू. मुले सरासरीपेक्षा ३ इंच उंच असतील, तर त्यांचे आईवडील किती उंच असतील? बीजगणिताच्या सवयीने विद्यार्थी गुणोत्तर उलटे करतील आणि ३ × ३/२ = ४.५ इंच असे उत्तर देतील. गॉल्टन यांच्या आकड्यांतून मात्र उत्तर मिळाले सुमारे १ इंच! गुणोत्तर १/३.

असे का होते? आलेखावरचे बिंदू विखुरलेले असतात, सगळे एका रेषेवर नसतात. समाश्रयण रेषा काढताना प्रतिसाद चलाची प्रत्यक्ष किंमत आणि अंदाज यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवतात. मुलांची उंची य-अक्षावर असेल, तर हे फरक उभे मोजले जातात. चलांच्या भूमिका बदलल्या की ते आडवे मोजावे लागतात आणि रेषाच वेगळी येते. सर्व बिंदू एकाच तिरप्या रेषेवर असले, तरच दोन्ही रेषा एक होतात.

आणखी एक गोष्ट. मुलांच्या उंचीमुळे आईवडील उंच होत नाहीत, तरीही दुसरी रेषा काढता येतेच. तेव्हा स्पष्टीकारक चल म्हणजे कारण नव्हे.

वर्गातील विद्यार्थ्यांची उंची आणि वीत मोजून आलेख काढून पाहा. मात्र रेषा काढण्यापूर्वी मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : वितीवरून उंची काढायची, की उंचीवरून वीत?