जुन्या फोटोतले विमान काय सांगते?

दासगाव, महाड, पोलादपूर भागातल्या आपल्या घरांत भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते. तिच्या शेजारी कधीकधी काचेआड पिवळा पडलेला एक फोटो असतो. लष्करी पोशाखातले आजोबा उभे आहेत आणि मागे विमान आहे. कोकणातल्या आपल्या समाजाचे पलटणीशी नाते जुने आहे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा अनेक तरुण तिच्यात दाखल झाले. पण फोटोमागे ना तारीख, ना ठिकाण. आजोबा गेले, सांगणारे कोणी उरले नाही. अशा वेळी मागचे विमान साक्षीला येते.

प्रथम पंख पाहावेत. एकावर एक असे दुमजली पंख असतील तर विमानाची घडण जुनी. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी निघाली, तिची चार ‘वापिटी’ विमाने अशीच होती. मात्र शिकाऊ वैमानिकांचे ‘टायगर मॉथ’ही दुमजलीच, आणि ते पुढे कितीतरी वर्षे उडत होते. म्हणून नुसत्या पंखांवरून साल ठरवू नये.

मग इंजिने आणि शेपटी पाहावी. दोन इंजिने, शेपटीखाली छोटे चाक आणि नाक आभाळाकडे असेल तर ते बहुधा ‘डाकोटा’. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला जवान उतरवले ते याच विमानांनी. शेपटीवर तीन उभी पाती असतील तर ‘कॉन्स्टेलेशन’. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ याच जातीचे. पंखा नाही आणि शेपटी दोन दांड्यांवर पेललेली असेल, तर ते ‘व्हॅम्पायर’ जेट. ते हवाई दलात १९४८ च्या अखेरीस आले, म्हणजे हवाई दलातला तसा फोटो त्याआधीचा नव्हेच. विमानाची जात अशी ‘याच्या आधीचा नाही’ एवढे खात्रीने सांगते.

त्यापुढची तारीख अंगावरच्या खुणा सांगतात. प्रवासी विमानावर ‘व्हीटी’ आणि पुढे तीन इंग्रजी अक्षरे असतात. ही भारताची खूण. त्या अक्षरांवरून नेमके कोणते विमान ते नोंदीत सापडू शकते. लष्करी विमानावर गोल चिन्ह असते. महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यातला तांबडा ठिपका काढून टाकला होता, कारण जपानी विमानांची खूण तांबडा गोळा होती. स्वातंत्र्यानंतर, १९४८ ते १९५० या काळात, त्या जागी अशोकचक्र होते. पुढे केशरी, पांढरी आणि हिरवी कडी आली. काळ्यापांढऱ्या फोटोत रंग कळत नाहीत, पण चक्राचे आरे भिंगातून दिसतात. आरे दिसले तर फोटो त्या दोन-तीन वर्षांतला.

एक सावधगिरी हवी. जत्रेतल्या फोटोवाल्याकडे लाकडी किंवा रंगवलेले विमान असे, आणि त्यात बसून पोरेबाळे फोटो काढीत. अशा विमानाची जात शोधू नये. फोटोमागचा स्टुडिओचा शिक्का आणि अंगावरचे कपडे पाहावेत.

ही पारख आपल्या इतिहासासाठीही लागते. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला शिकायला गेले ते बोटीने, आणि १९३० साली गोलमेज परिषदेला गेले तेही बोटीने. टाटांची टपालसेवा १५ ऑक्टोबर १९३२ ला सुरू झाली, तीही एका इंजिनाच्या लहानशा ‘पस मॉथ’वर. ६ डिसेंबर १९५६ च्या महापरिनिर्वाणानंतर बाबासाहेबांचा देह खास विमानाने दिल्लीहून मुंबईला आणला. एअर इंडियाकडे प्रवासी जेट आले ते १९६० साली. म्हणून त्या प्रसंगाच्या नावाखाली कोणी जेटचा फोटो दाखवला, तर तो खरा मानू नये.

आपला इतिहास इतरांनी फार थोडा लिहून ठेवला. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब दासगाव बंदरात उतरून महाडला निघाले. त्या दिवसाच्या आठवणी कितीतरी घरांत तोंडीच राहिल्या. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन येथे दरडी कोसळल्या, माणसे गेली आणि घरांबरोबर घरातले कागदही मातीखाली गेले.

म्हणून आजच फोटो भिंतीवरून उतरवा. ओल्या फडक्याने पुसू नका, विमान कापून टाकू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि नाव, गाव, पलटण मागे मऊ शिसपेन्सिलीने लिहा. मोबाइलवर नक्कल काढून मुंबईच्या नातेवाइकांकडेही ठेवा. पुढच्या पुरात एक घर बुडाले, तरी आजोबांची नोंद राहील.