चंदीचा काटा

पहाटे ३.३०
दाणाखोलीचं कुलूप वाजलं की ठाणावरचे घोडे पाय आपटायला लागतात. तरी आधी गवत, मग चंदी, हा क्रम मी मोडू देत नाही. रिकाम्या पोटी दाणा पुढे आला की घोडा तो धड न चावता गिळतो. गवत मात्र त्याला चावावंच लागतं, आणि चावताना सुटलेली लाळ जठरातलं आम्ल मारते. एवढ्या थोराड जनावराचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. खरी भट्टी मागे, मोठ्या आतड्यात, आणि ती चालते गवतावर.

थोड्या वेळाने ट्रॅकवर जायचं म्हणून पहिली चंदी नावापुरती, अर्धा किलो ओट. तीही काट्यावर तोलून. मापट्यावर माझा विश्वास नाही. लिटरभर ओट साधारण अर्धा किलो भरतात, मका पाऊण किलोच्या आसपास. शिवाय ओटात पिष्ट चाळीस टक्के, तर मक्यात सत्तरच्या घरात. मापटं तेच ठेवून ओटाऐवजी मका भरला, तर पिष्ट अडीचपट गेलं आणि कुणाला पत्ताही नाही.

६.००
घोडे कामावर. मी रिकाम्या ठाणांतून फिरतो. कुणाच्या गव्हाणीत काय उरलं आणि लीद कशी आहे, ते बघतो. लिदीत अख्खे दाणे दिसले तर दात तपासायला सांगायचं. पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला, त्यामुळे गवताला बुरशीचा वास येतोय का, हेही याच वेळी नाक खुपसून पाहायचं. वास आला की अख्खा गठ्ठा बाहेर, मग तो कितीही महागाचा असो.

९.००
आजचा वाद चार वर्षांच्या एका घोडीचा. ट्रॅकवर ती रायडरला आवरत नाही, घामाने भिजून परत येते. मालकांचा फोन ट्रेनरसाहेबांना: “प्रोटीन जास्त होतंय, लसूणघास बंद करा.”

पागेत ही समजूत फार जुनी आहे, आणि ती हटता हटत नाही. घोडा तापट झाला की दोष घासावर. प्रत्यक्षात प्रथिनं हे घोड्याचं मुख्य इंधन नव्हेच. ती स्नायू बांधायला आणि झीज भरायला लागतात. जास्त झाली तर शरीर त्यातलं नत्र युरिया करून मुतावाटे टाकून देतं. घोडी उसळतेय ती दाण्यातल्या पिष्टाने आणि गरजेहून जास्त मिळणाऱ्या ऊर्जेने. घास तोडला असता तर हवं ते गेलं असतं आणि नको ते राहिलं असतं. म्हणून तिचे ओट किलोभर कमी करायचे, लसूणघास तसाच, सुकं गवत वाढवायचं आणि चंदीत थोडं थोडं करत पाव लिटर तेल आणायचं. तेलात वजनाच्या मानाने ऊर्जा भरपूर आणि पिष्ट शून्य. मात्र हा बदल दहा दिवसांत, हळूहळू. आतड्यातल्या जीवाणूंना एका रात्रीत खाणं बदललेलं सोसत नाही. साहेबांनी मान डोलावली. मालकांना काय सांगायचं ते त्यांचं ते बघतील.

११.००
दुसरी चंदी, सव्वा किलोच्या आत. का, ते एकदा मांडून ठेवतो. एका वेळेला घोड्याच्या दर किलो वजनामागे एक ग्रॅम पिष्ट, ही सांभाळून चालायची रेघ. ४८० किलोच्या घोड्याला १.२ किलो ओट दिले की ती गाठली जाते. त्यापुढचं पिष्ट लहान आतड्यात पचायचं राहून मागे सरकलं, की तिथे आंबतं, आणि मग पोटदुखी नाहीतर खुरांचा लॅमिनायटिस. चार वेळा चंदी देण्यात घोड्याचे लाड नाहीत.

आता प्रथिनांचा हिशोब. सुकं गवत पाच किलो, आठ टक्क्यांनी ४०० ग्रॅम. ओला लसूणघास पाच किलो. त्यात बहुतेक पाणीच, तरी २०० ग्रॅम धरा. दिवसभराचे ओट चार किलो, त्यांचे ४४० ग्रॅम. अर्धा किलो कोंडा, ७५ ग्रॅम. झाले अकराशेच्या वर. अशा वजनाच्या घोड्याला अगदी कडक मेहनतीतही हजार ग्रॅमच्या आसपास पुरतात. तरीही दर महिन्याला कुणीतरी प्रोटीन पावडरचा चकचकीत डबा घेऊन येतं.

दुपारी २.००
घासाची गाडी. पावसात भिजलेल्या पेंढ्या जड लागतात, त्यामुळे काट्यावर घासाबरोबर पाऊसही विकत घेतला जातो. गाडीवाल्याशी रोजची हुज्जत. घास सोडवत नाही तो आणखी एका कारणासाठी. कोंड्यात फॉस्फरस भरमसाट आणि कॅल्शियम नावाला. नुसत्या दाण्या-कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याच्या हाडांतून कॅल्शियम निघत जातं आणि तोंडाची हाडं सुजून येतात. लसूणघासात कॅल्शियम भरपूर, तो ही तूट भरून काढतो.

भीमथडीची तट्टं कुळीथ आणि वाळल्या गवतावर मुलखभर दौडली, हे इथे कुणीतरी ऐकवतंच. खरं आहे. पण त्यांची चाल लांब पल्ल्याची. शर्यतीच्या थरोब्रेडने दीड-दोन मिनिटांत जीव काढायचा असतो.

४.३०
तिसरी चंदी. कोपऱ्यातल्या एका ठाणात शिरलो तर डोळे चुरचुरले. अमोनिया.

“मामा, याला काय घालताय वरून?” मी त्याच्या मोतद्दाराला विचारलं.

“काही नाही दादा, मूठभर सोयापेंड. पोर वाळलंय जरा.”

मूठ मामांची, म्हणजे ओंजळच. सोयापेंडीत पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. सहा वर्षांच्या, वाढ पूर्ण झालेल्या घोड्याला त्यांचा उपयोग नाही. तो जास्त पाणी पितो, जास्त मुततो आणि बंद ठाणात तोच वास रात्रभर हुंगतो. धावणाऱ्या जनावराच्या श्वासनळीला ते वाईट. मामांची माया मला कळते, पण हा घोडा वाळलाय तो गवत कमी पडल्यामुळे. त्याचं गवत दोन किलोंनी वाढवलं, पेंडीचं पोतं दाणाखोलीत कुलपाआड नेलं.

त्यातली पाव किलो पेंड पलीकडच्या दोन वर्षांच्या शिंगरांना मात्र रोज तोलून जाते. त्यांची वाढ अजून चालू आहे, आणि वाढीला नुसता प्रथिनांचा आकडा पुरत नाही, त्यात लायसिन हवं. ओटात ते थोडं असतं, सोयाबीनमध्ये भरपूर. हरभरा भिजवून घालणारेही आहेत. त्यानेही प्रथिनं मिळतात, पण सोबत पिष्टही येतं, ते कुणी मोजत नाही.

रात्री ८.००
शेवटची चंदी, आणि रात्रीसाठी दिवसातलं सगळ्यात जास्त गवत. मिठाची चिमूट नव्हे, चांगलं पन्नास ग्रॅम, कारण आज सगळेच घामाघूम होते. मग फळ्यावर उद्याचं लिहायचं. उद्या आराम असलेल्या घोड्यांची चंदी आज रात्रीपासूनच निम्मी, गवत हवं तितकं. काम बंद आणि दाणा पुरा, असं झालं की परवा ट्रॅकवर घोडा शंभर पावलांत पुठ्ठ्यापासून आखडतो, लघवी कॉफीसारखी होते, आणि मग डॉक्टरांची गाडी येते. घोडीच्या नावापुढे लिहिलं: ओट पाव किलो कमी, तेल दोन चमचे, घास तेवढाच. त्याखाली मामांसाठी एक ओळ, जरा मोठ्या अक्षरात: पेंड विचारल्याशिवाय नाही.