ढगातला मुनीम

लोखंडी सामान विकणाऱ्या एखाद्या दुकानात संध्याकाळी जरा वेळ उभे राहून पाहा. गिऱ्हाईक दोन किलो खिळे आणि एक कुलूप घेते. दुकानदार मोबाइलवर चार बटणे दाबतो. बिल तयार होते, कर वेगळा दाखविला जातो, साठ्यातून दोन किलो खिळे वजा होतात आणि उधारी असल्यास ती त्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर चढते. पूर्वी हे काम कीर्द-खतावणी लिहिणारा मुनीम करी. त्याची चोपडी दुकानातच, गादीखाली किंवा कपाटात असे. मग आजची ही चोपडी कोठे असते? ती मोबाइलमध्ये नसते. मोबाइल नाल्यात पडला तरी दुसऱ्या मोबाइलवर ती जशीच्या तशी उघडते. लोक सांगतात, ‘ती क्लाउडमध्ये असते’, म्हणजे ढगात! हा ढग म्हणजे काय, आणि लहान दुकानदारांसाठी असा मुनीम तयार करणारी कंपनी कशी उभी राहते, ते आपण पाहू.

ढग आला कोठून?

दूरसंचार अभियंते आराखडे काढताना आपली यंत्रे चौकोनांनी दाखवीत. मधल्या जाळ्याचा तपशील महत्त्वाचा नसला, की तेथे ते नुसता एक ढग काढीत. तेच नाव पुढे रूढ झाले. प्रत्यक्षात या ढगात वाफ नाही. तेथे असतात थंड हवेच्या मोठमोठ्या खोल्या, त्यांत फळ्यांवर रचलेले हजारो संगणक, अखंड वीजपुरवठा आणि प्रकाशतंतूंच्या तारा.

एक संगणक अनेकांनी वापरण्याची कल्पना मात्र जुनी आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेकांना ‘एकाच वेळी’ काम करू देणारी व्यवस्था चालवून दाखविली. संगणक प्रत्येकाला थोडा थोडा वेळ देई, आणि तो इतका वेगवान होता की प्रत्येकाला वाटे, यंत्र आपल्या एकट्यासाठीच आहे. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी म्हटले होते, की पुढे संगणनशक्ती ही टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होऊ शकेल. १९९९ मध्ये सेल्सफोर्स ही अमेरिकन कंपनी विक्रीची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर तबकडीवर न विकता इंटरनेटवरून भाड्याने देऊ लागली. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने तर संगणकच ताशी भाड्याने देण्यास सुरुवात केली.

प्रत्येक दुकानाने स्वतःचे तेलाचे इंजिन बसवावे, की वीज कंपनीची तार घ्यावी, असाच हा प्रश्न आहे. तार घेणे स्वस्त का पडते? त्याचे उत्तर गणितात आहे.

एका वाड्यात हजार बिऱ्हाडे

समजा, एक दुकान दिवसाच्या कोणत्याही क्षणी संगणक वापरत असण्याची संभाव्यता १/१० आहे. दुकाने १०० आहेत. प्रत्येकाने स्वतःचा संगणक घेतला, तर १०० संगणक लागतील आणि त्यांतले ९० नेहमी रिकामे बसतील. सर्वांनी मिळून वापरायचे ठरविले तर? एका वेळी सरासरी १० दुकानेच काम करीत असतील. अर्थात कधी ७, कधी १३ असा फरक पडणारच. या फरकाचे माप म्हणजे प्रमाण विचलन. ते येथे १०० × १/१० × ९/१० याचे वर्गमूळ, म्हणजे ३ येते. सरासरीत त्याची तिप्पट मिळविली, की १९ संगणक क्वचितच अपुरे पडतील.

आता दुकाने १०,००० धरा. सरासरी १,००० आणि प्रमाण विचलन ३०. म्हणून १,०९० संगणक पुरे! पहिल्या वेळी सरासरीपेक्षा ९० टक्के जास्त यंत्रे हाताशी ठेवावी लागली, दुसऱ्या वेळी फक्त ९ टक्के. गिऱ्हाइके शंभरपट झाली, की राखीव यंत्रांचे प्रमाण दहापट कमी होते. लहान दुकानदाराला महिन्याला थोड्याशा पैशांत मुनीम मिळतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

याच कारणाने सॉफ्टवेअरही सर्वांसाठी एकच ठेवतात. त्याची तुलना जुन्या वाड्याशी करता येईल. आड एक, दिंडी एक, पण प्रत्येक बिऱ्हाडाला आपले कुलूप. माहितीच्या प्रत्येक नोंदीवर दुकानाचा क्रमांक असतो आणि प्रत्येक वेळी यंत्राला बजावावे लागते, ‘याच क्रमांकाच्या नोंदी दाखव’. कोठे एका ठिकाणी ही अट घालायची राहून गेली, तर एका दुकानदाराची उधारी शेजारच्या दुकानदाराला दिसेल! अशा कंपनीतील अभियंत्यांचा बराच वेळ नवे काही करण्यापेक्षा ही कुलुपे तपासण्यातच जातो.

सारे एकाच दिवशी आले तर?

वरच्या गणितात एक गोष्ट आपण गृहीत धरली. ती म्हणजे, प्रत्येक दुकानदार इतरांकडे न पाहता आपल्या सोयीने काम करतो. हे नेहमी खरे नसते. भारतात १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याचे एक विवरणपत्र दरमहा भरणाऱ्यांना पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत द्यावे लागते. आपला स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. पुष्कळ जण १९ आणि २० तारखेलाच जागे होतात. त्या दिवशी संभाव्यता १/१० राहत नाही, ती कदाचित १/२ होते. मग १,०९० संगणकांपुढे ५,००० दुकाने उभी राहतात.

भौतिकशास्त्रात याला एक जोड आहे. १८३१ मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळचा ब्रॉटनचा झुलता पूल सैनिकांच्या तालबद्ध पावलांखाली कोसळला. एक बोल्ट आधीच सदोष होता, त्यात सर्वांची पावले एकदम पडू लागली. तेवढीच माणसे विस्कळीत चालीने गेली असती, तर पुलाला इतके हेलकावे बसले नसते. म्हणून पुढे पुलावर सैनिकांना ताल मोडायला सांगण्याची पद्धत पडली. सॉफ्टवेअर कंपनीही तेच करते. बिल बनविणे यासारखी तातडीची कामे आधी घेते, वार्षिक अहवालासारखी कामे रात्रीवर ढकलते, शेवटच्या तारखेआधी आठवण देते आणि गर्दीच्या दिवसांपुरती जादा यंत्रे लावते.

वही हरवू नये म्हणून

समजा, माहिती साठविणारी एक तबकडी वर्षभरात बिघडण्याची संभाव्यता १०० मध्ये २ आहे. दुकानात एकच तबकडी असेल, तर पन्नासांतल्या एका दुकानदाराची वही दरवर्षी जाईल. माहितीच्या दोन प्रती ठेवल्या, तर दोन्ही एकाच वर्षात जाण्याची संभाव्यता १०,००० मध्ये ४ होते. तीन प्रतींना ती १० लाखांत ८ होते. शिवाय एक बिघडताच तिच्या जागी नवी बसविली, तर धोका याहूनही पुष्कळ कमी होतो.

पण येथेही ‘स्वतंत्र’ हा शब्द विसरू नका. तिन्ही प्रती एकाच इमारतीत असतील आणि तेथे पाणी शिरले, तर तिन्ही एकदमच जातील. डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईचा विमानतळही काही दिवस बंद ठेवावा लागला होता. म्हणून प्रती वेगवेगळ्या शहरांत ठेवतात.

कंपनी ‘आमची सेवा ९९.९ टक्के वेळ चालू राहील’ असे म्हणते, तेव्हा गणित करून पाहा. वर्षाचे तास ८,७६०. त्याचा हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास बंद! आणखी एक ९ वाढवून ९९.९९ म्हटले, की बंद राहण्याची मुभा फक्त ५३ मिनिटांची. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी ही ५३ मिनिटे आली, तर दुकानदाराला ती टक्केवारी ऐकवून भागत नाही.

गळक्या हौदाचे गणित

आता पैशांकडे वळू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, अभियंत्यांचे पगार व इतर ठरीव खर्च वर्षाला १ कोटी रुपये आहे. दुकानदाराकडून महिन्याला ५०० रुपये, म्हणजे वर्षाला ६,००० मिळतात. त्यांतले २,००० त्याच्यासाठी लागणारी यंत्रे, दूरध्वनीवरून मदत वगैरेंवर जातात. उरले ४,०००. म्हणजे खर्च भरून निघायला २,५०० दुकाने हवीत.

कंपनीला दरमहा ५० नवी दुकाने मिळतात असे समजा. मग ५० महिन्यांत काम झाले का? नाही, कारण हौद गळका आहे. काही दुकाने बंद होतात, काहींना सॉफ्टवेअर जमत नाही, काही दुसरीकडे जातात. दरमहा १०० पैकी ५ जण सोडून जात असतील, तर १,००० दुकाने झाली की दरमहा ५० येतात आणि ५० जातात. हौदाची पातळी तेथेच थांबते. २,५०० चा आकडा कधीच येत नाही! गळती १०० मध्ये १ असेल, तर पातळी ५,००० पर्यंत चढू शकते.

किरणोत्सारी पदार्थाचा ऱ्हास तुम्ही अभ्यासला असेल, तर हा नियम ओळखीचा वाटेल. ५ टक्के गळतीला गिऱ्हाइकांचे अर्धायुष्य साडेतेरा महिने आहे, १ टक्का गळतीला ६९ महिने. यातून आणखी एक गोष्ट निघते. १ टक्का गळती असली, तरी ५,००० च्या निम्मे, म्हणजे २,५०० दुकाने व्हायला तेच ६९ महिने, जवळजवळ सहा वर्षे लागतात. तोवर दर महिन्याला तोटा. हा तोटा कोणी सोसायचा?

चेन्नईचे उदाहरण

याचे एक उत्तर झोहो या कंपनीने दिले. १९९६ मध्ये श्रीधर वेंबू, टोनी थॉमस व सहकाऱ्यांनी ती ‘अ‍ॅडव्हेंटनेट’ या नावाने सुरू केली. वेंबू हे मद्रासच्या आयआयटीचे पदवीधर, पुढे प्रिन्स्टनचे पीएच.डी. सुरुवातीला कंपनी दूरसंचार यंत्रे बनविणाऱ्या मोठ्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिही. २००१ च्या मंदीत त्या क्षेत्रातील पुष्कळ कंपन्या बुडाल्या आणि थोड्या मोठ्या गिऱ्हाइकांवर विसंबण्याचा धोका दिसून आला. मग कंपनीने मोर्चा लहान गिऱ्हाइकांकडे वळविला. २००५ मध्ये लेखनाचे व विक्रीच्या नोंदींचे सॉफ्टवेअर इंटरनेटवर आले, २०११ मध्ये हिशेबाचे आले. २००९ मध्ये कंपनीचे नावच झोहो झाले.

बहुतेक नव्या कंपन्या तोट्याची वर्षे काढण्यासाठी बाहेरच्या गुंतवणूकदारांचे भांडवल घेतात. झोहोने ते घेतले नाही. जुन्या व्यवसायाच्या नफ्यावर नवा पोसला. माणसे मिळविण्याची रीतही वेगळी ठेवली. २००५ च्या सुमारास तिने स्वतःची शाळा काढली. तेथे बारावी झालेल्या मुलांना विद्यावेतन देऊन सॉफ्टवेअर शिकवितात आणि पुढे कामावर घेतात. २०११ मध्ये तमिळनाडूतील तेन्काशीजवळच्या मत्तलंपारै या गावी तिने कार्यालय उघडले. चांगले सॉफ्टवेअर लिहिण्यासाठी महानगरातच राहिले पाहिजे असे नाही, हे तेथे काम करणारे दाखवून देत आहेत.

चोपडी कोणाची?

जुना मुनीम नोकरी सोडून गेला, तरी चोपडी दुकानातच राही. ढगातला मुनीम गेला तर? म्हणून सेवा घेण्याआधी दुकानदाराने चार प्रश्न विचारावेत. माझी सारी माहिती मला हवी तेव्हा, दुसरीकडे वाचता येईल अशा रूपात उतरवून घेता येते का? तिच्या प्रती कोठे ठेवल्या आहेत? ती कोण पाहू शकते? आणि इंटरनेट बंद असताना बिल बनेल का? कोणाची किती उधारी आहे, माल कोणाकडून किती भावाने येतो, हे लहान दुकानदाराचे सारे भांडवलच असते. ते दुसऱ्याच्या स्वाधीन करताना हे विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. घरचा व्यवसाय असेल, तर हे प्रश्न विचारण्याचे काम तुम्हीच करू शकता.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने वर्गात दोन खेळ करता येतील. १ ते १० आकड्यांच्या चिठ्ठ्या करा. ४० विद्यार्थ्यांनी एकेक चिठ्ठी उचलावी, ज्याला १ येईल त्याने हात वर करावा, आणि प्रत्येक वेळी चिठ्ठी परत टाकावी. असे तीस वेळा करून हातांची संख्या लिहा. सरासरी ४ च्या आसपास येते का? सर्वांत मोठा आकडा किती? तेवढे ‘संगणक’ तुमच्या वर्गाला पुरतील.

दुसऱ्या खेळात सर्वांनी उभे राहावे आणि ज्याला १ येईल त्याने खाली बसावे. किती फेऱ्यांनंतर २० जण उरतात? गणिताने उत्तर सुमारे सात येते. तुमचे उत्तर थोडे वेगळे आले, तर ते का, याचा विचार करा.