आफ्रिकी विद्यार्थी आणि आपण: गैरसमज व वस्तुस्थिती

पुणे, बंगळूर, दिल्लीच्या परिसरात आफ्रिकी देशांतले अनेक तरुण शिकायला येतात. त्यांच्याबद्दलचे काही समज आपल्याकडे इतके घट्ट बसले आहेत, की त्यांच्यापायी माणसांनी मार खाल्ला आहे.

गैरसमज: हे सगळे एकच, ‘नायजेरियन’.
वस्तुस्थिती: आफ्रिकेत 54 देश आहेत. टांझानियाचा मुलगा स्वाहिली बोलतो, काँगोचा फ्रेंच, इथिओपियाचा अम्हारिक. हा फरक न केल्याने काय होतं, ते बंगळुरात 2016 मध्ये दिसलं. एका सुदानी तरुणाच्या गाडीखाली स्थानिक महिलेचा मृत्यू झाला. काही वेळाने तिथून जाणाऱ्या टांझानियाच्या विद्यार्थिनीला जमावाने मारहाण केली आणि तिची गाडी जाळली. तिचा त्या अपघाताशी काडीचा संबंध नव्हता.

गैरसमज: ते नशेचा धंदा करतात, माणसंही खातात.
वस्तुस्थिती: मार्च 2017 मध्ये ग्रेटर नोएडात एक मुलगा बेपत्ता झाला, तेव्हा शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला खाल्लं, अशी अफवा उठली. मुलगा घरी परतला, पण नंतर दगावला. पोलिसांनी पाच नायजेरियन विद्यार्थ्यांना पकडलं आणि पुराव्याअभावी सोडलं. तरीही जमाव भडकला. मॉलमध्ये सापडलेल्या एका विद्यार्थ्याला खुर्च्या आणि कचऱ्याच्या डब्यांनी मारलं. कोणी गुन्हा केला असेल तर शिक्षा त्याला व्हावी, त्याच्या रंगाच्या प्रत्येकाला नव्हे.

गैरसमज: आफ्रिकी माणूस म्हणजे परका.
वस्तुस्थिती: इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर गुलाम म्हणून दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. आजचं छत्रपती संभाजीनगर त्यानेच ‘खडकी’ म्हणून वसवलं. जंजिऱ्यावर आफ्रिकी वंशाच्या सिद्दींची सत्ता होती. उत्तर कन्नडमधले सिद्दी पिढ्यान्‌पिढ्या भारतीय आहेत, घरात कोकणी बोलतात. तरी त्यांना ‘कुठल्या देशाचे?’ असं विचारलं जातं.

गैरसमज: त्यांना खोली दिली की कटकट; वास येतो, कागदपत्रं करावी लागतात.
वस्तुस्थिती: परदेशी भाडेकरूची नोंद घरमालकाला करावीच लागते, जर्मन भाडेकरूचीही. वास बहुतेकदा रश्शातल्या सुक्या मासळीचा असतो. सुक्या बोंबलावरून मुंबईत घर नाकारलं गेलेल्या कोकणी माणसाला हा अपमान समजावून सांगावा लागू नये. ‘ते आपल्यात मिसळत नाहीत’ ही तक्रारही इथेच येते. जिथे खोली मिळते तिथेच ते राहणार. दारं बंद करून मिसळण्याची अपेक्षा कशी करायची?

गैरसमज: परदेशी आहेत, म्हणून हक्क नाहीत.
वस्तुस्थिती: संविधानाचं 15वं कलम वंशावरून होणाऱ्या भेदभावापासून नागरिकांना संरक्षण देतं. पण 14व्या कलमातली कायद्यापुढची समानता आणि 21व्या कलमातला जीविताचा हक्क या भूमीवरच्या प्रत्येक व्यक्तीला आहे. म्हणून अफवेचा मेसेज आला की तो पुढे पाठवू नका. सोसायटीच्या सभेत ‘आफ्रिकन नको’ असा ठराव आला, तर उघड विरोध करा.