समजून घ्या : घरात मराठी बोलणारे 'ईस्ट इंडियन' नेमके कोण?

आडनाव परेरा किंवा डिमेलो. रविवारी चर्च. आणि घरात लग्न निघालं की विहिरीवरून वाजतगाजत 'उंबराचं पाणी' आणायचं, तेही मराठी गाणी म्हणत. बोरीवलीहून बोटीने खाडी ओलांडली की लागणाऱ्या गोराईत यात कुणाला नवल वाटत नाही.

हे गोव्याहून आले का?

नाही, इथलेच. १५३४ मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. त्यानंतर इथल्या कोळी, आगरी, भंडारी, कुणबी अशा अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, पण धर्म आणि आडनावं राहिली. मराठी तर कधी सुटलीच नव्हती.

मग नाव इंग्रजी कसं?

कारण नोकऱ्या. गोवा-मंगळूरचे ख्रिस्ती कामासाठी मुंबईत येऊ लागले. धर्म एक, आडनावंही बरीचशी सारखी. आपण मूळचे इथले, हे साहेबाला कळावं म्हणून १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ईस्ट इंडिया कंपनीची आठवण देणारं हे नाव घेतलं गेलं. भूमिपुत्र म्हणून ओळख पटावी यासाठी घेतलेलं नाव. आज तेच ऐकून लोक विचारतात, 'तुम्ही मूळचे कुठले?'

बहुसांस्कृतिक म्हटलं की परदेशी गेलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. हे मात्र आपल्याच गावठाणात राहिले, राज्यकर्ते बदलत गेले.

आता मुलांच्या शाळा इंग्रजी, घरातलं बोलणंही तिकडेच झुकतंय. बॉटल मसाल्याचं प्रमाण इंग्रजीत लिहून ठेवता येतं. उंबराच्या पाण्याची गाणी म्हणायला मात्र आजीलाच पुढे बसवावं लागतं.